एका शिक्षिकेचे रान

आमच्याकडच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागते. दोन वर्षांपूर्वी त्या सुट्टीत आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेत गेलो. मिनेसोटा राज्यातले मिनियापोलिस हे तिचे गाव. इकडे बेळगावात आंबा पाडाला आला होता आणि तिकडे रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळपट ढीग अजून वितळायचे होते. झाडांवर औषधालासुद्धा पान नव्हते. एवढ्या लांब येऊन हे खराटे पाहायचे का, असे मनात आले. पण लेकीच्या घरी असले काही बोलायचे नसते.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी जावई म्हणाले, "बाबा, तुम्ही जन्मभर शाळेत काढलीत. आज एका मास्तरीणबाईंची बाग दाखवतो." शहराच्या पश्चिम अंगाला, रहदारीच्या रस्त्यापासून फार लांब नाही, अशा एका खोलगट दरीत आम्ही उतरलो. बाग म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतात ते वाफे, ती कापलेली हिरवळ, तो कारंजाचा हौद, यातले तिथे काहीच नव्हते. उंच, निष्पर्ण झाडे, पायाखाली कुजका पाला, आणि त्या पाल्यातून वर आलेली फुले. पांढरी, फिकट जांभळी, पिवळी. कुठे एकटदुकट, कुठे अख्खा उतार भरून. पाटीवर नाव होते, एलोइज बटलर रानफूल उद्यान, आणि साल होते १९०७. अमेरिकेतले हे सर्वांत जुने सार्वजनिक रानफूल उद्यान.

मी इतिहासाचा विद्यार्थी. वनस्पतिशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण एका शाळाशिक्षिकेने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका वाढत्या शहराच्या पोटात रान राखून ठेवले आणि ते आजही आहे, ही गोष्ट इतिहासाचीच आहे. ती नीट समजून घ्यावी असे वाटले, आणि जी समजली ती वाचकांपुढे ठेवतो.

आधी त्या फुलांविषयी थोडे सांगायला हवे. त्याशिवाय बाईंच्या कामाचे मोल कळणार नाही.

अमेरिकेच्या पूर्व आणि उत्तर भागातली ओक, मेपल, बासवुड ही झाडे हिवाळ्याआधी पाने गाळतात. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळते, जमीन ओली होते, ऊन थेट मातीपर्यंत पोहोचते. मेच्या अखेरीस झाडांना पालवी भरते आणि खाली दाट सावली पसरते. बर्फ जाणे आणि सावली येणे यांच्यामध्ये जेमतेम सहा ते आठ आठवडे मिळतात. तेवढ्या अवधीत या रानफुलांना जमिनीतून वर यायचे, फुलायचे, बी धरायचे आणि वर्षभराचे अन्न कंदात साठवायचे असते. त्यांतल्या कित्येक जाती जूनअखेर दिसेनाशाही होतात. पान पिवळे पडून गळून जाते आणि कंद पुढचे नऊ-दहा महिने मातीत झोपून राहतो.

ट्रिलियम हे त्यांतले सर्वांत देखणे फूल. तीन पाने, तीन निदले, तीन शुभ्र पाकळ्या. बेलाच्या त्रिदळाची आठवण व्हावी असे. त्याचे बी रुजल्यावर पहिल्या वर्षी जमिनीवर काही दिसतच नाही. जे घडते ते मातीखाली. मग एकच पान येते, पुढे काही वर्षांनी तीन पाने, आणि फूल यायला सात ते दहा वर्षे. म्हणजे पहिलीत घातलेले मूल हायस्कुलात येईपर्यंत हे एक फूल तयार होते. दुसरे ब्लडरूट, म्हणजे शब्दशः रक्तमूळ. फूल पांढरेशुभ्र, पण कंद मोडला की तांबडा-नारिंगी रस वाहतो. तिथले मूळ रहिवासी त्याचा रंगासाठी उपयोग करीत. या दोघांच्या बियांना एक तेलकट गोंडा असतो. मुंग्या त्या गोंड्याच्या लोभाने बी ओढून वारुळात नेतात, गोंडा खातात आणि बी टाकून देतात. तिथे ते रुजते. मुंगी बी नेऊन नेऊन किती नेणार? काही हात. त्यामुळे एखाद्या रानातून ही फुले एकदा गेली की शेजारच्या रानातून ती आपोआप परत यायला पिढ्यांमागून पिढ्या लागतात. हे लक्षात ठेवावे, कारण पुढची सारी कथा या संथपणाभोवती फिरते.

एलोइज बटलर यांचा जन्म १८५१ साली मेन राज्यातल्या अ‍ॅपलटन या खेड्याजवळ झाला. आईवडील दोघेही शिक्षकी पेशातले. घराभोवती रान होते आणि एलोइज आणि तिची बहीण कोरा यांचे बालपण त्या रानातच गेले. अभ्यासू मुलीने शिक्षिका व्हायचे, याखेरीज दुसरा मार्ग त्या काळी त्या मुलखात कुणाला सुचत नसे. १८७४ साली त्या मिनियापोलिसला आल्या आणि तिथल्या हायस्कुलांत सुमारे तीन तपे त्यांनी शिकवले. विषय वनस्पतिशास्त्र. सुट्टीत त्या स्वस्थ बसत नसत. विद्यापीठातले उन्हाळी वर्ग केले, समुद्रकाठच्या संशोधन केंद्रात काम केले, जमैका बेटावर तीनदा जाऊन शेवाळांचे नमुने गोळा केले. सूक्ष्म शेवाळाच्या एका जातीला त्यांचे नावही दिले गेले आहे. विद्यापीठात असत्या तर प्राध्यापक झाल्या असत्या. त्या शाळेतच राहिल्या.

त्या काळचे मिनियापोलिस डोळ्यांसमोर आणले पाहिजे. मिसिसिपी नदीच्या धबधब्याच्या बळावर तिथे आधी लाकडाच्या आणि मग पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. १८७० साली शहराची वस्ती तेरा हजार होती. १९०० साली ती दोन लाखांवर गेली. तीस वर्षांत पंधरा पट! ज्या ओहोळाकाठी बाई विद्यार्थ्यांना फुले दाखवायला नेत, तिथे दोन वर्षांनी जावे तर घरे उठलेली. दलदली बुजल्या, तळ्यांचे काठ कापले गेले, गुरे चरायला लागली. वनस्पतिशास्त्राच्या तासाला दाखवायला वनस्पतीच उरेना.

याच सुमाराची एक गमतीची हकीकत मिनेसोटाच्या इतिहासात आहे. १८९३ साली राज्याने आपले राज्यपुष्प ठरवले. मान मिळाला 'लेडीज स्लिपर' या आमरीच्या फुलाला. आकार जोड्यासारखा म्हणून ते नाव. पण ठरावात शास्त्रीय नाव लिहिले गेले ते युरोपातल्या जातीचे, जी मिनेसोटात उगवतच नव्हती. चूक महिला मंडळांच्या ध्यानात आली आणि १९०२ साली गुलाबी-पांढऱ्या स्थानिक जातीचे नाव घालून ती दुरुस्त झाली. उत्तरपत्रिकेत असली चूक आम्ही लाल शाईने गोल करतो. इथे साऱ्या राज्याचीच उत्तरपत्रिका चुकली होती. आपल्या दारचे फूल कोणते आणि परके कोणते हे शिकल्या-सवरल्या माणसांनाही सांगता येत नव्हते, हा त्यातला खरा मुद्दा. बटलरबाईंचा सारा खटाटोप हे सांगता यावे यासाठीच होता.

१९०७ साली त्यांनी आणि वनस्पतिशास्त्राच्या इतर शिक्षकांनी शहराच्या पार्क बोर्डाकडे अर्ज केला. ग्लेनवुड पार्कमधली, टॅमरॅक वृक्षांच्या दलदलीजवळची सुमारे तीन एकर जागा रानवनस्पतींसाठी राखून ठेवावी, अशी मागणी होती. बोर्डाने ती मान्य केली आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ही 'रानटी वनस्पतिबाग' सुरू झाली. बाईंचे वय तेव्हा पंचावन्न होते. माझ्यापेक्षा थोडे कमीच. आमच्या वयाची माणसे निवृत्तिवेतनाचे हिशेब करू लागतात. ह्या बाई कुदळ आणि पिशवी घेऊन दलदलीत उतरल्या.

शाळा सांभाळून चार वर्षे हे काम चालले. १९११ साली त्या सेवानिवृत्त झाल्या आणि पूर्वेकडे बहिणीजवळ जाऊन राहायचा त्यांचा बेत होता. पण बाईंखेरीज बाग टिकणार नाही हे ओळखून महिला मंडळांनी पार्क बोर्डाला गळ घातली आणि बोर्डाने त्यांना बागेच्या पालक म्हणून नेमले. त्या वर्षी त्यांनी शहराच्या रविवारच्या वर्तमानपत्रात त्या त्या आठवड्यात फुलणाऱ्या रानफुलांवर लेखही लिहिले. १९१५ साली बागेत त्यांच्यासाठी एक छोटी लाकडी कचेरी बांधली गेली. पहिल्या दिवसापासून त्या नोंदवही ठेवीत होत्या: कोणते रोप, कुठून आणले, कोणत्या तारखेला, कुठे लावले. शिक्षकाचे हजेरीपुस्तकच ते. त्या नोंदी उपलब्ध आहेत आणि म्हणूनच आज आपल्याला ही कथा सांगता येते.

इथे एक अवघड प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही. ही रोपे यायची कुठून? तर रानातूनच. बाई आसपासच्या रानांत, दलदलींत जात आणि खणून आणीत. काही मेनमधून, मॅसॅच्युसेट्समधून आली. मिनेसोटाबाहेरच्या कित्येक जाती त्यांनी हौसेने लावून पाहिल्या. त्यांतल्या पुष्कळ जगल्या नाहीत. मग रान वाचवणारी बाई आणि रान लुटणारा व्यापारी यांत फरक काय राहिला?

हा प्रश्न किती खरा होता ते पाहायला थोडे दक्षिणेला, कॅरोलायनाच्या डोंगरांत जावे लागेल. शॉर्टिया नावाच्या एका फुलाची ही गोष्ट आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रे मिशो याने अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७८७-८८ च्या सुमारास, त्या डोंगरांतून एक रोप उचलले आणि वाळवून पॅरिसला नेले. फूल नव्हते, फक्त पाने आणि एक फळ. १८३९ साली अमेरिकेचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे पॅरिसला गेला असता त्या कागदापाशी थबकला. चिठ्ठीवर एवढेच लिहिलेले की हे कॅरोलायनाच्या उंच डोंगरांतले. ग्रेने ओळखले की हे काही वेगळेच आहे. १८४२ साली त्याने त्याला केंटकीतले वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स शॉर्ट यांचे नाव दिले आणि शोध सुरू केला. पर्वतशिखरे पालथी घातली. फूल सापडेना. ज्यांचे नाव दिले ते शॉर्ट १८६३ साली ते फूल न पाहताच वारले.

सापडले ते १८७७ साली, आणि तेही एका सतरा वर्षांच्या पोराला. वनौषधी गोळा करणाऱ्या बापाचा हा मुलगा, जॉर्ज हायम्स, नदीकाठी हिंडत असताना त्याने एक अनोळखी फूल उचलून आणले. ओळख पटायला वर्ष-दीड वर्ष गेले. ग्रेला जेव्हा नमुना मिळाला तेव्हा त्याच्या शोधाला जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती. तो शिखरांवर शोधत राहिला आणि फूल होते खाली, ओहोळांच्या काठी, सावलीत! मिशोने जिथून ते उचलले होते तो मूळ प्रदेश १८८६ साली चार्ल्स सार्जंटला सापडला. तिथे ते इतके होते की जमीन झाकली गेलेली.

मग व्हायचे तेच झाले. गाजलेले फूल प्रत्येकाला आपल्या बागेत हवे झाले. रोपवाटिकांनी गाड्या भरभरून शॉर्टिया डोंगरांतून उपसला. तरीही तो पुरून उरला. खरा घाव पुढे बसला. १९७० नंतरच्या दशकात त्या खोऱ्यात वीजनिर्मितीसाठी जोकॅसी जलाशय झाला आणि मूळ प्रदेशाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. साळावली धरणात गेलेले गोव्यातले कुर्डी गाव आपल्याला ठाऊक आहे. मोगूबाई कुर्डीकरांचे ते गाव भर उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर दिसू लागते, आणि जुने गावकरी जाऊन आपल्या घरांची जोती पाहून येतात. शॉर्टियाच्या त्या काठांच्या नशिबी तेवढेही नाही. आज बागांतून जी रोपे दिसतात त्यांतली काही, बुडालेल्या काठांवरून आधी उचललेल्यांची संतती असू शकेल. म्हणजे ज्या हव्यासाने रान ओरबाडले त्यातूनच काही उरलेही असेल. इतिहासात असे होते, पण म्हणून हव्यासाचे पुण्य होत नाही.

हे लिहिताना माझे मला एक आठवते, ते सांगून टाकतो. नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. श्रावणात मुलांची सहल घेऊन मी चोर्ला घाटात गेलो होतो. ओल्या उतारावर पांढऱ्या फुलांच्या भुईआमऱ्या उगवल्या होत्या. शाळेच्या बागेला शोभा येईल म्हणून मी मुलांकरवी त्या खणून घेतल्या. पंचवीस-तीस तरी असतील. मातीचे गड्डे गोणपाटात बांधले आणि शाळेच्या मागे आंब्याच्या सावलीत लावले. मुले आळीपाळीने पाणी घालीत होती. गणपती येईपर्यंत एकही उरली नाही. मला वाटले, पाणी जास्त झाले. पुष्कळ वर्षांनी वाचनात आले की आमरीच्या मुळांची मातीतल्या बुरशीशी सोयरीक असते आणि ती बुरशी नसेल तर नुसती सावली आणि पाणी देऊन भागत नाही. पुढल्या श्रावणात त्याच उतारावर गेलो तर तिथेही तुरळकच दिसल्या. मी त्या मुलांना निसर्गप्रेम शिकवायला नेले होते. शिकवले काय, ते आज सांगायला संकोच वाटतो.

म्हणून बटलरबाईंचे कुठे जमले आणि कुठे नाही हे मी जरा बारकाईने पाहिले. फरक असा दिसतो. जिथे नांगर किंवा घरे येणार होती तिथली रोपे हलवणे हा बचाव होता. आणि त्या रोपाला बागेतल्या कृत्रिम वाफ्यात बसवीत नव्हत्या. त्याला रुचेल अशी जागा त्याच दरीत शोधत होत्या. दलदलीचे दलदलीत, उताराचे उतारावर, ओकखालचे ओकखाली. पाला झाडून काढायचा नाही, माती उकरून सपाट करायची नाही, खुरपून 'स्वच्छ' करायचे नाही. एवढे करूनही जे जगत नसे ते जगत नसे, आणि तशी नोंद होई.

केवळ जागा राखून भागेना, कारण माणसे आली. फुले तोडणारे, रोपे उपटून नेणारे, पायवाट सोडून तुडवणारे. १९२४ साली बाईंनी पदरचे पैसे घालून बागेला तारेचे कुंपण करून घेतले. पुढच्याच वर्षी, १९२५ साली, मिनेसोटाने कायदा करून लेडीज स्लिपर तोडण्यावर बंदी घातली. तोवर राज्यपुष्प म्हणून मिरवायचे आणि बाजारात जुड्या बांधून विकायचे, दोन्ही चालू होते. या फुलाला बी रुजल्यापासून फुलायला सोळा वर्षांपर्यंत लागू शकतात. सोळा वर्षांची तपश्चर्या, आणि तोडायला एक क्षण.

तोडू नका, खणू नका, हे सांगणे सोपे. पण लोकांना आपल्या अंगणात ही फुले हवी असतील तर त्यांनी काय करायचे? याचे उत्तर पुढच्या पिढीने दिले. मॅसॅच्युसेट्समध्ये १९०० सालीच देशी वनस्पतींच्या रक्षणासाठी एक संस्था निघाली होती. त्याच राज्यात फ्रेमिंगहॅमजवळ विल कर्टिस या उद्यानरचनाकाराने १९३१ साली तीस एकर रान विकत घेतले आणि जोडीदाराबरोबर तिथे 'गार्डन इन द वुड्स' उभे केले. १९६५ साली त्याने ते त्या संस्थेच्या स्वाधीन केले. पुढे ते देशी रोपे बियांपासून वाढवण्याचे मोठे केंद्र झाले.

बियांपासून वाढवण्याची रीत ऐकली तर आपल्याकडचा जुना शेतकरी मान डोलावील. ट्रिलियम किंवा ब्लडरूटचे बी वाळवून पुडीत ठेवले की रुजणे अवघड होते. फळ फुटताच ताजे बी सावलीत, कुजलेल्या पाल्याच्या मऊ मातीत पेरायचे आणि विसरून जायचे नाही, पण उकरून पाहायचेही नाही. ट्रिलियमच्या बियाला पुष्कळदा दोन हिवाळ्यांची थंडी लागते. पहिल्या थंडीनंतर मूळ, दुसरीनंतर पान. रोपे हलवायची ती झोपेत असताना, म्हणजे शरद ऋतूत. जागा पानगळीच्या झाडाखालची हवी, सदाहरित झाडाखालची नको, कारण वसंतातले ते दोन महिन्यांचे ऊन मिळालेच पाहिजे. शरदात गळलेला पाला तसाच राहू द्यायचा. तेच पांघरूण आणि तेच खत. पाने पिवळी पडली म्हणून कापायची नाहीत, कारण त्याच दिवसांत कंद भरत असतो. आणि विकत घेताना दुकानदाराला विचारायचे, हे रोप बियांपासून केलेले की रानातून आणलेले? आजही तिथल्या जाणत्या माळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो.

आपल्याकडे ऋतूंचा हिशेब निराळा. पण युक्ती अगदी अनोळखी नाही. कोकणातले शेवळ पावसाच्या तोंडावर मातीतून आधी फूल काढते, मग पान. कळलावी, रानहळद, पांढरी मुसळी यांचेही कंद उन्हाळाभर मातीत निपचित पडून असतात आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत सारा संसार उरकतात. तिकडे बर्फ संपण्याची वाट पाहतात, इकडे पाऊस येण्याची. आणि इकडेही मुसळीचे आणि कळलावीचे कंद औषधासाठी रानातून खणून पोत्यांनी गेलेच.

बटलरबाई अखेरपर्यंत बागेत काम करीत राहिल्या. १९२९ साली पार्क बोर्डाने बागेला त्यांचे नाव दिले. १० एप्रिल १९३३ रोजी, बर्फ ओसरून बाग जागी होण्याच्या दिवसांत, पावसातच त्या बागेकडे निघाल्या आणि त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. वय एक्याऐंशी. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा त्या दरीतच विखुरली गेली आणि त्यांच्या स्मरणार्थ एक ओक लावला गेला.

माणूस गेल्यावर संस्था मोडते हा आपला नेहमीचा अनुभव. इथे तसे झाले नाही, आणि त्याचे कारण शिक्षकांना सुखावणारे आहे. बाईंच्या हाताखाली तयार झालेल्या मार्था क्रोन यांनी १९३३ पासून १९५९ पर्यंत बाग सांभाळली. आणि बाईंचा एक जुना विद्यार्थी, क्लिंटन ओडेल, पुढे दाढीच्या साबणाच्या धंद्यात नावारूपाला आला होता. 'बर्मा-शेव्ह' हे त्याचे उत्पादन, आणि रस्त्याकडेच्या पाट्यांवरच्या त्याच्या यमकी जाहिराती अमेरिकेत घरोघरी माहीत होत्या. १९४४ साली बागेला वरच्या माळाचा भाग जोडला गेला तेव्हा ओडेलने पैसा पुरवला, आणि १९५२ साली बागेच्या मित्रमंडळाची स्थापना त्याच्याच पुढाकाराने झाली. ते मंडळ आजही चालू आहे. वर्गात शिकवलेले पान-फूल-मूळ कोणत्या विद्यार्थ्याच्या मनात कुठे रुजते आणि किती वर्षांनी वर येते, हे शिक्षकाला कळत नाही. ट्रिलियमसारखेच ते.

आज बाग सुमारे पंधरा एकरांची आहे. संकटे मात्र बदलली आहेत. युरोपातून आलेली गार्लिक मस्टर्ड नावाची मोहरीच्या कुळातली वनस्पती आणि बकथॉर्न नावाचे झुडूप रानात माजते. स्वयंसेवक येऊन ती उपटतात. हरणांना ट्रिलियम फार गोड लागते. आणि सर्वांत नवल म्हणजे गांडूळ! आपण मुलांना शिकवतो की गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र. मिनेसोटात हिमयुगानंतर देशी गांडुळे नव्हतीच. आज आहेत ती युरोपीय वसाहतवाल्यांच्या कुंड्यांतून आणि पुढे मासेमारीच्या आमिषातून पसरलेली. ती रानातला पाल्याचा थर खाऊन फस्त करतात, आणि ज्या मऊ थरात रानफुलांचे बी रुजायचे तोच उरत नाही. एका मुलखाचा मित्र दुसऱ्या मुलखात वैरी होतो, हे मी परत आल्यावर सातवीच्या वर्गात सांगितले तेव्हा मुले प्रथम हसली आणि मग त्यांनी बरेच प्रश्न विचारले. त्यांतल्या निम्म्यांची उत्तरे मला देता आली नाहीत.

शेवटी आपल्या देशाकडे वळतो. ट्रिलियमचा एक भाऊ हिमालयात आहे. त्याला तिकडे नागछत्री म्हणतात. औषधी बाजारात त्याच्या कंदाला मोठा भाव आल्यापासून हिमाचल आणि काश्मीरच्या रानांतून तो बेसुमार उपसला जात आहे. त्यालाही फुलायला वर्षानुवर्षे लागतात. कॅरोलायनात शॉर्टियाचे जे झाले तेच इथे होऊ घातले आहे, आणि ते पाहायला आपण हयात आहोत.

मी आणखी तीन वर्षांनी निवृत्त होईन. शाळेच्या मागे, जिथे त्या आमऱ्या मेल्या, तिथे गेल्या पावसाळ्यापासून आम्ही एक कोपरा न झाडता ठेवला आहे. शिपाई दोन वेळा सवयीने पाला पेटवायला निघाला, त्याला समजावले. आमच्याच आवारातल्या कुंपणावर जी एक कळलावी आहे तिच्या शेंगेतले बी मुलांनी तिथे पेरले. रानातून काही आणायचे नाही हा नियम आठवीच्या मुलींनी स्वतःच पाटीवर लिहिला. नोंदवही त्याच ठेवतात. या जूनमध्ये चार कोंब वर आले. पानाच्या टोकाचे तणावे फुटून वेल अजून कुंपणाला लागलेला नाही. फुलाला अजून दोन-तीन वर्षे लागतील, असे जाणकार म्हणतात. तेव्हा ह्या मुली शाळेत नसतील आणि मीही नसेन. वही मात्र शाळेच्या कपाटात ठेवायची, असे ठरले आहे.